सरकारची हरकत

खोलीत टेबलं तीन होती आणि खुर्च्या सात, त्यांतल्या एकीचा हात सुतळीनं बांधलेला. लोखंडी कपाटं पाच, उघडणारी चार. पंखे दोन, फिरणारा एक. भिंतीवर दोन कॅलेंडरं, एक सहकारी बँकेचं, दुसरं कुठल्याशा कीटकनाशकाचं. काळे कोट चार, खिळे तीन. आणि दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर पडणाऱ्याला दिसेल असा, जाड मार्करनं लिहिलेला एक कागद: ‘हरकत नाही’ म्हणू नये.

नाशिकच्या जिल्हा न्यायालयातली ही जिल्हा सरकारी वकिलांची खोली. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि भूजलाच्या सरकारी कार्यालयात कंत्राटावर काम करते. नवीन जागी गेलं की तिथलं काय काय मोजून घ्यायचं, ही सवय शिवारात फिरून लागलेली. त्या दिवशी मला पिंपळदऱ्याच्या एका दाव्यात तांत्रिक मत देण्यासाठी बोलावलं होतं. मॅडम कोर्टात होत्या, म्हणून मी त्यांचे सहायक गोरक्ष यांना त्या कागदाबद्दल विचारलं.

“समोरच्यानं कोर्टात अर्ज दिला की कोर्ट आपलं म्हणणं मागतं,” ते म्हणाले. “त्याला आम्ही ‘से’ म्हणतो. त्या अर्जाखाली सरकारतर्फे हे दोन शब्द पडले की विषय संपला. कधी गायरान गेलं, कधी रस्ता गेला. आणि आपण तर दिवसभर तेच म्हणत असतो. बसू का? हरकत नाही. चहा सांगू? हरकत नाही. मॅडम म्हणतात, जिभेला सवय नकोच. या खोलीत जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा करून द्यायचा. चालेल म्हणा, बरं म्हणा, हो म्हणा.”

“मग मी बसू?”

“चालेल,” ते म्हणाले.

मॅडम म्हणजे अॅडव्होकेट उज्वला पेखळे. सहायक म्हणून लागल्या, मग जिल्हा सरकारी वकील झाल्या. दोन सिंहस्थ त्यांनी सरकारतर्फे काढले होते आणि तिसरा जवळ आला होता. या नेमणुकीची मुदत ठरावीक असते, ती संपत आली की वाढवून घ्यावी लागते. मंत्रालयात पक्ष बदलले, युत्या झाल्या, तुटल्या, पुन्हा वेगळ्या झाल्या. मॅडमची मुदत दर वेळी वाढत गेली. का, याचं उत्तर कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा. त्या कुठल्याही साहेबाच्या तोंडी सूचनेवर काही करत नसत. फोन आला की म्हणत, “लेखी द्या.” चांगलं काम सांगणारा लिहून देई, वाईट काम सांगणारा फोन ठेवी. त्यांचं टोपणनाव लेखीबाई होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

कोर्टात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. न्यायाधीश फाइलमधून मान वर करून विचारत, “सरकार?” आणि मॅडम उभ्या राहत. इतकी वर्षं हे ऐकून त्यांची मान त्या शब्दाला आपोआप वळे. एकदा कॅन्टीनमध्ये दोन म्हातारे सरकारला शिव्या देत होते, तेव्हाही वळली होती.

पिंपळदऱ्याचा दावा असा होता. शहराच्या कडेला, मळ्यांच्या पट्ट्यात, एका बांधकाम कंपनीनं जमीन घेतली. तिच्यातून मोरओहळ वाहत होता. कंपनीनं तो मुरूम आणि राडारोडा टाकून बुजवला. तहसील कार्यालयानं नोटीस काढली, तर कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं, इथे ओहळ कधी नव्हताच. शेतकऱ्यांनी खणलेला दीड मीटरचा चर होता, खाजगी जमिनीतला, आम्ही विकत घेतला आणि बुजवला. जुन्या गावनकाशावर तिथे एक रेघ होती, पण रुंदी लिहिलेली नव्हती. चर असला तर कंपनीचा. ओहळ असला तर सरकारचा आणि भराव उपसावा लागणार. सगळा दावा त्या एका शब्दावर उभा होता.

खालच्या अंगाला लंकाबाईंचा मळा होता. शेवंती, कोथिंबीर, मेथी. गेल्या पावसाळ्यात ओहळाचं पाणी वाट नाही म्हणून त्यांच्या शेवंतीतून गेलं. त्या दर तारखेला कोर्टात येत. दाव्यात त्यांचं नाव नव्हतं, त्यांना कुणी बोलावलेलंही नसे.

“तुम्ही कशाला येता, आजी?” मी एकदा विचारलं.

“बघाया येते,” त्या म्हणाल्या. “हितं ठरवत्यात म्हणं, पाणी कुडून जाईल. पाणी काय कोर्टाला इचारून येतं का? पर ठरवत्यात तर बघू तरी.”

मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो कायद्याचा नव्हता. “बुजवलेल्या जागेत पूर्वी ओहळ होता की चर, हे दगड सांगू शकतात का?”

मी सांगितलं, सांगू शकतात. माणसानं खणलेल्या चराच्या कडा उभ्या असतात आणि तळाला असतो जागचाच मुरूम. वाहत्या पाण्यानं केलेल्या पात्रात गोटे असतात, लांबून आलेले, घासून गोल झालेले. चपटे गोटे पाण्याच्या रेट्यानं एकमेकांवर रेलून बसतात आणि पाणी जिकडून आलं तिकडेच त्यांचा उतार राहतो. त्यांना ते नीट दिसेना. मग मी अर्धवट रिकाम्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथल्या फायली ओळीनं एका बाजूला कलल्या होत्या.

त्या उठून कपाटाजवळ गेल्या. फायलींवरून हात फिरवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

“आणि हे कुणी मागाहून रचून ठेवू शकत नाही?”

“एक-दोन गोटे रचता येतील. सगळा थर नाही.”

“म्हणजे पाण्यानं लेखी दिलंय,” त्या म्हणाल्या आणि गोरक्षना कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज टाइप करायला सांगितलं. मागणी एकच. कोर्टाच्या माणसासमोर भरावात आडवा खड्डा घ्यावा आणि पात्र असल्यास काठापासून काठापर्यंत मोजावं.

तो अर्ज दाखल झाला आणि फोन सुरू झाले.

पहिला आला तेव्हा मी खोलीत होते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मॅडमचं येत होतं.

“हो, अर्ज मीच दिलाय... नाही, मागे घेण्याची सूचना मिळालेली नाही... ही मिळाली का? ही तोंडी आहे. लेखी द्या... साधी गोष्ट आहे ना? मग एका ओळीत मावेल.”

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, “मुदत या महिन्याअखेर संपतेय माझी. त्याची आठवण करून देत होते. सगळ्यांना माझ्या तारखा पाठ आहेत.”

कंपनीचे वकील महेश दाणी होते. गोड बोलणारे गृहस्थ, व्हरांड्यात सगळ्यांची विचारपूस करत. त्यांनी मॅडमना जिन्यात गाठलं. “ताई, इतकी वर्षं तुम्ही सरकारची बाजू घेतली. आता सरकारच तुमच्या बाजूला नाही म्हणे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कानावर आलं.”

“कानावर आलेलं पुराव्यात चालत नाही, दाणी. मी तुम्हाला काय सांगणार.”

दाणी हसले. मॅडमही हसल्या, पण जिना सोडला नाही. दाणींनाच कडेनं जावं लागलं.

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी मॅडमना मुंबईला बैठकीला यायचा निरोप आला. हा निरोप मात्र लेखी होता, सहीशिक्क्याचा. त्या गेल्या. कोर्टात गोरक्ष उभे राहिले.

बोर्डावर खूप प्रकरणं होती. न्यायाधीशांची मान खाली, लघुलेखक मागे पडलेला. दाणींनी एक नवा अर्ज पुढे केला आणि एका दमात बोलले. “पावसाळा तोंडावर आहे, शेजारच्या मळ्यांना त्रास नको, म्हणून जागा सपाट करून भिंत पूर्ण करू द्यावी, एवढाच किरकोळ अर्ज आहे, आणि कमिशनरच्या अर्जावर युक्तिवादाला पुढच्या महिन्यातली कुठलीही तारीख चालेल.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “सरकार?”

“हरकत नाही, साहेब,” गोरक्ष म्हणाले.

ते तारखेबद्दल बोलत होते. मी मागच्या बाकावर होते. मला तेव्हा काही कळलं नाही आणि त्यांनाही नाही. खाली चहाच्या टपरीवर आल्यावर मी विचारलं, “सपाट करणं म्हणजे काय करणार ते?” गोरक्ष पेला ओठापर्यंत नेऊन थांबले. मग पेला ठेवून धावत वर गेले. अर्जाखाली लिहिलं गेलं होतं: सरकार पक्षाची हरकत नाही, सबब अर्ज मंजूर.

दुपारी लंकाबाईंच्या सुनेचा, तृप्तीचा फोन आला. डंपर लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या तेव्हा गोरक्ष राजीनामा लिहूनच बसले होते. मॅडमनी तो वाचला, घडी घातली आणि उघडत नसलेल्या कपाटाच्या फटीतून आत सारला.

“आता तो निघायचा नाही,” त्या म्हणाल्या. “चहा कर.”

“मॅडम, माझ्यामुळे...”

“सगळ्यांना. नियम आहे.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “शुभांगी, तू साखर किती घेतेस ते सांग त्याला.”

गोरक्ष शेगडीशी उभे होते तेव्हा फोन वाजला. या वेळी पलीकडचा आवाज इतका खूश होता की मलाही ऐकू आला. “मॅडम, तुमच्या माणसानं काम फार शहाणपणानं केलं. तुमची मुदतवाढीची फाइल आजच पुढे सरकतेय. आता त्यात काही करू नका म्हणजे झालं.”

चहा उकळून भांड्याच्या काठापर्यंत आला आणि गोरक्षनी गॅस बारीक केला. मॅडमना करायचं काहीच नव्हतं. मुदतवाढ त्यांना काही न केल्याबद्दल मिळणार होती. चूक सहायकाची, कागद कोर्टाचा, त्यांचा हात कुठेच लागलेला नाही. उलट हुकूम फिरवून मागायचा तर स्वतःच्याच कार्यालयानं कोर्टात चुकीचं सांगितलं, हे उभं राहून कबूल करावं लागणार होतं. इतक्या वर्षांत त्यांच्यावर तशी वेळ आली नव्हती.

“फाइल पुढे सरकली,” त्या फोनमध्ये म्हणाल्या, “हे लेखी देता का?”

पलीकडे फोन ठेवला गेला.

चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी हातानं पुरशीस लिहिली. पुरशीस म्हणजे पक्षकारानं आपल्या सहीनं कोर्टाला कळवलेली गोष्ट. तिच्यात ओळी थोड्याच होत्या. काल सरकारतर्फे ‘हरकत नाही’ हे शब्द तारखेसाठी उच्चारले गेले, अर्जासाठी नव्हे. चूक या कार्यालयाची आहे. सरकारची अर्जाला हरकत आहे. सोबत कालच्या हुकुमाला स्थगिती मागणारा अर्ज.

कोर्ट भरलं तेव्हा बाकांवर जागा नव्हती. लेखीबाई चूक कबूल करणार, ही बातमी बार रूममध्ये आधीच पोचली होती. लंकाबाई दाराशी उभ्या होत्या.

न्यायाधीशांनी पुरशीस दोनदा वाचली. “मॅडम, हे शब्द तुमच्याच कार्यालयानं म्हटले.”

“हो. माझ्याच.”

“कुणी म्हटले?”

गोरक्ष अर्धे उठले. मॅडमनी मागे न बघता हातानं त्यांना बसवलं. “सरकारनं म्हटले. कोर्टानं ‘सरकार’ म्हणून विचारलं होतं. सरकार मी आहे.”

दाणी उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही, चष्मा पुसला. “साहेब, ताईंबद्दल मला आदर आहे. पण एक प्रश्न. त्या म्हणतात, सरकारची हरकत आहे. संबंधित विभागानं तशी सूचना त्यांना दिली आहे का? आणि दिली असेल तर,” इथे ते बाकांकडे वळले, “लेखी आहे का?”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही खाली बघून हसले. इतकी वर्षं हा प्रश्न मॅडम विचारत आल्या होत्या. त्यांना तो कुणी विचारलेला मी तरी पाहिला नव्हता.

त्यांनी हशा संपू दिला. मग फाइलमधला खुणेचा कागद काढला.

“ही सरकारची कैफियत. दाव्याला सरकारनं दिलेलं मूळ उत्तर. पान दुसरं. ‘वादातील जागेतून मोरओहळ नावाचा नैसर्गिक नाला वाहतो व तो सरकारच्या मालकीचा आहे.’ खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का आहे. ही माझी लेखी सूचना. ही मागे घ्या, असं मला आजतागायत कुणी लिहून दिलेलं नाही.” त्या थांबल्या. “तोंडी दिलेलं आहे. कोणी आणि केव्हा, हे माझ्या विद्वान मित्रांनी विचारलं तर मी इथेच सांगते. तेही नोंदवून घ्यावं.”

मॅडम दाणींकडे बघत राहिल्या. दाणींनी चष्मा डोळ्यांवर ठेवला, पुन्हा काढला आणि म्हणाले, “मला काही विचारायचं नाही.”

“मला वाटलंच होतं,” मॅडम म्हणाल्या.

न्यायाधीशांनी कालचा हुकूम स्थगित केला. जागा आहे तशी ठेवायची. कमिशनरचा अर्जही त्याच दिवशी चालवला आणि मंजूर केला. कमिशनरनं दोन्ही पक्षांसमक्ष भरावात आडवा खड्डा घ्यावा, भूशास्त्रज्ञानं थर दाखवावेत, पात्र आढळल्यास काठापासून काठापर्यंत मोजून अहवाल द्यावा.

बाहेर लंकाबाईंनी मॅडमना गाठलं. “वकीलबाई, जिकलो का?”

“नाही. अजून मोजायचंय.”

“मंग ती लोकं का असं तोंड करून गेली?”

“त्यांनाही मोजायचंय, म्हणून.”

महिनाअखेरीला पत्र आलं. जिल्हा सरकारी वकील पदावरची उज्वला पेखळे यांची मुदत वाढवण्यात येत नाही, कार्यभार तूर्त सहायकाकडे द्यावा. सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. मॅडमनी ते पत्र गोरक्षना वाचायला दिलं.

“बघ,” त्या म्हणाल्या. “लिहिता येतं त्यांना.”

जाताना त्यांनी खिळ्यावरचा आपला कोट तेवढा काढला. गोरक्ष म्हणाले, दारावरचा कागद आठवण म्हणून घेऊन जा. त्या म्हणाल्या, “माझ्या घरात कुणीही काहीही म्हणतं. इथेच राहू दे.”

खड्ड्याच्या दिवशी ऊन कडक होतं. कमिशनर म्हणून नेमलेले वकील छत्री घेऊन आले होते. जेसीबी, कंपनीचा अभियंता, दाणी, गोरक्ष, मी. मॅडमना आता कंपनीच्या जागेत येण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्या भिंतीपलीकडे लंकाबाईंच्या बांधावर उभ्या होत्या, साध्या सुती साडीत, डोक्यावर लंकाबाईंनी दिलेला टॉवेल. लंकाबाई त्यांना तांब्यातून पाणी देत होत्या आणि तृप्ती फुलांच्या पाट्या सावलीत सरकवत होती.

वरचा थर भरावाचा निघाला. मुरूम, फुटक्या फरशा, सिमेंटचे गोळे, एका बेसिनचा तुकडा. त्याखाली काळपट गाळ. गाळाखाली जेसीबीचा आवाज बदलला. मी हात करून थांबवलं आणि खाली उतरले. ब्रशनं माती झाडली. गोटे होते. गोल, करडे, मधूनच एखादी पांढरी गारगोटी, आणि चपटे गोटे एकमेकांवर रेललेले, सगळे एकाच बाजूला, डोंगराकडे उतरते. मी कमिशनरना खाली बोलावलं आणि हात लावून बघायला सांगितलं. त्यांनी लावला. अभियंत्यानंही लावला आणि हात पँटला पुसला.

“पात्र आहे,” कमिशनर लिहिता लिहिता म्हणाले. “मोजू.”

पश्चिमेचा काठ स्पष्ट होता. गोट्यांचा थर संपून जागचा पिवळा मुरूम उभा राहत होता. तिथे टेपचं टोक धरलं. पूर्वेकडे जाताना कंपनीची भिंत आडवी आली, खांबांमध्ये सिमेंटच्या पट्ट्या बसवलेली. गोट्यांचा थर तिच्याखाली जात होता.

दाणी पुढे झाले. “वकीलसाहेब, भिंत पडली तर नसता वाद होईल. इथपर्यंत साडेपाच मीटर झालेत. आम्ही दीड म्हटलं होतं, तुमचं साडेपाच निघालं, म्हणजे तुम्हीही खूश. एवढंच लिहू, दोन्ही पक्षांच्या संमतीनं. ऊनही फार आहे.”

कमिशनरनी कपाळ पुसलं. भिंतीपलीकडे तहसीलच्या नोटिशीतला उरलेला पट्टा होता, इथेच थांबलं तर तो कंपनीकडे राहणार होता. ते गोरक्षकडे वळले. “सरकार?”

बांधावर मॅडमची मान वळली. त्यांनी ती पुन्हा सरळ केली आणि तांब्या लंकाबाईंकडे परत दिला.

गोरक्षनी टेपकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

“हरकत आहे,” ते म्हणाले.

“अहो, किती मीटरसाठी?” दाणी म्हणाले.

“ते मोजल्यावर कळेल. हुकुमात काठापासून काठापर्यंत लिहिलंय. पट्ट्या वर सरकवल्या की निघतात, भिंत पडत नाही. हरकत लेखी देऊ का?”

“नको,” कमिशनर म्हणाले. “काढा पट्ट्या.”

पट्ट्या निघाल्या. जेसीबी पलीकडे गेला, पुन्हा भराव, पुन्हा काळा गाळ, पुन्हा गोटे. लंकाबाईंच्या बांधाच्या अलीकडे गोटे संपले आणि पिवळा मुरूम लागला. अभियंत्यानं एक टोक धरलं, मी दुसरं. कमिशनरनी टेप ताणून घ्यायला सांगितला, खाली वाकले, आकडा मोठ्यानं वाचला, दोघांकडून पुन्हा वाचून घेतला आणि लिहिला.

मोरओहळाच्या पात्राची रुंदी, काठापासून काठापर्यंत: १३.८० मीटर.